'जोलीन' मुलाने म्हणायचं तर शब्द बदलायचे का?

चारतारा:
मंडळी, एक भांडण सोडवा. आमचा पाच जणांचा हौशी बँड आहे, मी बेस वाजवते. पुढच्या महिन्यात एका छोट्या कार्यक्रमात डॉली पार्टनचं 'जोलीन' घ्यायचं ठरलंय आणि ते गाणार आमचा गिटारवाला, कारण त्याने ते स्वतःच बसवलंय आणि खरं सांगायचं तर आमच्यात तोच बरा गातो. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी, १९७३ चं गाणं, एक बाई दुसरीला गयावया करून सांगतेय की तू एवढी देखणी, तुला कोणीही मिळेल, माझा माणूस तेवढा नेऊ नकोस. पार्टनबाईंनी सांगितलंय की बँकेतली एक लाल केसांची बाई त्यांच्या नवऱ्याकडे जरा जास्तच लक्ष द्यायची त्यावरून सुचलं, आणि नाव घेतलं सही मागायला आलेल्या एका छोट्या मुलीचं.

तर ड्रमरचं म्हणणं, मुलगा 'माझा पुरुष नेऊ नकोस' म्हणतोय हे ऐकून लोक हसतील, शब्द बदला. कीबोर्डवाल्याने तिथल्या तिथे पुरुषाचं नाव घालून, 'तो'ची 'ती' करून दिली. म्हणून बघितलं. चाल तीच, कॉर्ड तेच, वेगही तोच, आणि गाणं पार बदललं. विनवणी गेली कुठल्या कुठे, आता एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला सांगतोय की माझ्या बाईपासून लांब राहा, आणि ऐकताना वाटतं हा पुढच्या ओळीत कॉलर धरणार. शब्द अजूनही हातापाया पडण्याचेच आहेत हां! तरी धमकी. असं का होतं ते मला सांगता येईना आणि ड्रमरला तर फरकच जाणवेना.

न बदलता म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. पण मग ऐकणाऱ्याने काय समजायचं, हा बाईची भूमिका करतोय की याचाच कोणी पुरुष आहे? की ते त्याच्यावरच सोडायचं? तुम्ही काय कराल?

जुनी_कॅसेट:
ड्रमरला व्हाइट स्ट्राइप्स ऐकवा. त्या बँडचा जॅक व्हाइट हेच गाणं सर्वनामं न बदलता म्हणतो, २००४ मध्ये त्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग सिंगल म्हणून आलं होतं, आणि शेवटी शेवटी तर तो अक्षरशः किंचाळतो, कोणी हसत नाही. उलट बाजूला बियॉन्से. २०२४ मध्ये तिने 'जोलीन' घेतलं, तीही बाईच, पण विनवणी काढून सरळ ताकीद दिली, माझ्या वाटेला जाऊ नकोस. म्हणजे या गाण्याची धमकी करायला पुरुषच लागतो असं नाही, फक्त तिला त्यासाठी शब्द नव्याने लिहावे लागले आणि तुमच्या गिटारवाल्याला 'तो'ची 'ती' एवढंच पुरलं. गंमत तिथेच आहे की.

शब्द बदलायची सवय जुनी. क्रिस्टल्स नावाच्या मुलींच्या ग्रुपचं १९६३ चं गाणं, नावाचा अर्थ 'मग त्याने माझं चुंबन घेतलं'. दोन वर्षांनी बीच बॉईजने घेतलं आणि नाव झालं 'मग मी तिचं चुंबन घेतलं'. वरवर बघितलं तर नुसती सर्वनामांची अदलाबदल. पण नीट बघा, मुलींच्या गाण्यात जे काही करायचं ते तोच करतो, नाचायला विचारतो तो, चुंबन घेतो तो, आणि ती सांगतेय की माझ्या बाबतीत असं असं घडलं. मुलांच्या गाण्यात 'मी' केलं. घटना तीच, पण एकीकडे आठवण आणि दुसरीकडे पराक्रम. खरी अदलाबदल करायची तर 'मग तिने माझं चुंबन घेतलं' असं व्हायला हवं होतं ना, ते १९६५ मध्ये कोणाला सुचलं नाही.

तुमच्या गाण्याचं तेच झालंय. बाई म्हणते 'नेऊ नकोस' तेव्हा तिच्या हातात दुसरं काही नाही असं आपण गृहीत धरतो. पुरुष म्हणतो तेव्हा गृहीत धरतो की याच्याकडे अजून एक उपाय शिल्लक आहे.

फुलव्हॉल्यूम:
भाऊ इतका विचार कशाला करताय, गाणं आहे, गा आणि सोडून द्या. चांगलं गायलं तर सगळं चालतं आणि बेसुरं गायलं तर सर्वनाम कुठलं का असेना. हे अर्थ वगैरे समीक्षक लोक घरी बसून काढतात.

अर्धविराम:
@फुलव्हॉल्यूम, 'भाऊ' नाही हो. तिने पहिल्याच ओळीत 'मी बेस वाजवते' लिहिलंय.

आणि चिडवत नाहीये, मुद्दा हाच आहे. मराठीत 'मी' म्हणून तोंड उघडलं की दुसऱ्या तिसऱ्या शब्दाला क्रियापद चुगली करतं, थांबलो की थांबले, म्हणालो की म्हणाले. इंग्रजीत तसं नाही. 'मी' आणि 'तू' यांना लिंगच नाही, क्रियापदालाही नाही, त्यामुळे नुसतं मी-तू वर चाललेलं इंग्रजी गाणं कोणीही उचलून गावं. आपण म्हणतो ना की ही गाणी सगळ्यांची असतात, त्यातलं अर्धं श्रेय व्याकरणाला आहे. अडतं कुठे तर तिसरं माणूस आलं की. 'जोलीन'मध्ये गाणारी बाई आहे हे शब्दांत कुठेही थेट सांगितलेलं नाही, आपण ते 'माझा माणूस' आणि पार्टनबाईंचा आवाज यावरून ठरवतो. आवाज बदलला की तो अंदाज हवेत. मग पुरुषावर प्रेम करणारा पुरुष असेल, किंवा गोष्ट सांगणारा कोणी असेल, दोन्ही शब्दांत बसतं. म्हणून न बदललेलं गाणं जास्त मोकळं आहे आणि बदललेलं जास्त बंद, असं माझं मत.

नाव दोघांनाही चालणारं असेल तर कामच सोपं. 'मी अँड बॉबी मॅगी' क्रिस ख्रिस्टोफरसनच्या लेखणीतून उतरलं तेव्हा बॉबी ही मुलगी होती. जॅनिस जॉप्लिनने म्हटलं तेव्हा बॉबी झाला पुरुष आणि नाव तसंच राहिलं. तिच्या मृत्यूनंतर १९७१ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक नंबरला गेलं, आणि आज बहुतेकांच्या डोक्यातला बॉबी तिचाच आहे.

फुलव्हॉल्यूम:
बरं ताई, सॉरी. बेस म्हटल्यावर मी आपला मुलगाच धरला. (हो हो, कळलं, मीच उदाहरण झालो.)

पण मग ल्यूक कोम्ब्जचं काय? 'फास्ट कार', मूळ ट्रेसी चॅपमनचं १९८८ चं. २०२३ मध्ये याने जसंच्या तसं म्हटलं, 'चेकआउट गर्ल' म्हणजे दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी, ते सुद्धा बदललं नाही, दाढीवाला धिप्पाड माणूस बिनदिक्कत स्वतःला मुलगी म्हणतोय. आणि गाणं अमेरिकेच्या यादीत दोन नंबरपर्यंत गेलं, मूळ गाणं सहापर्यंतच गेलं होतं. कोणाला अर्थ बदललेला वाटला? लोक नुसते रडले.

शेवटचा_बाक:
मला वाटला. वाईट अर्थाने नाही, पण वाटला.

चॅपमनच्या गाण्यात ती म्हणते, मला नोकरी आहे, आपली सगळी बिलं त्यातून भागतात, आणि तू मुलांपेक्षा मित्रांबरोबर जास्त असतोस, दारू पितोस. आधी बापाची दारू निस्तरली, त्यासाठी शाळा सोडली, आता याची. बाईच्या तोंडी ही ओळ म्हणजे सगळं माझ्यावरच पडलंय. पुरुषाच्या तोंडी 'बिलं मी भरतो' यात नवल काय, ती तर त्याच्याकडून अपेक्षाच असते, त्यामुळे कोम्ब्जच्या गाण्यात ती ओळ तक्रारीसारखी लागतच नाही, मेहनती माणसाची गोष्ट होते. पण दुसरीकडे काहीतरी उघडतं. पुरुष सांगतोय की आजारी व्यसनी बापाला बघायला कोणीतरी हवं होतं म्हणून मी शाळा सोडली. हे पुरुषाच्या तोंडून गाण्यात कधी ऐकलंय? मी तरी क्वचित. म्हणजे एक गेलं, एक आलं. आणि 'चेकआउट गर्ल' त्याने ठेवलं हे मला फार आवडलं, कारण त्याने सांगून टाकलं की गोष्ट माझी नाही, मी फक्त म्हणतोय.

त्यात नुसतं बाई-पुरुष नाहीच पण. गोरा पुरुष, कंट्री म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या गाण्यांचा गायक, आणि कृष्णवर्णीय बाईने लिहिलेलं गाणं. त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचं साँग ऑफ द इयर त्याला मिळालं, म्हणजे ते गीतकाराचं बक्षीस म्हणून चॅपमनला, आणि तो सन्मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. गाणं ३५ वर्षं तिथेच होतं. आवाज बदलल्यावर दार उघडलं. यावर आनंद मानायचा की चिडायचं मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि @फुलव्हॉल्यूम, 'रिस्पेक्ट' दोन्ही एकामागोमाग ऐका. ओटिस रेडिंगचं १९६५ चं आणि अरीथा फ्रँकलिनचं १९६७ चं. ओटिसचा माणूस म्हणतो मी नसताना तू काय वाट्टेल ते कर, मला फसव हवं तर, पण मी घरी आलो की थोडा मान दे. पैसे कमावून आणतोय, दमलोय, एवढं तरी. अरीथाने काय केलं, तू नसताना मी तुला फसवणार नाही, पण घरी आलास की मान दे. वाटेल ते कर म्हणणारी ती ओळच उलटी केली! तो सौदा करत होता, ती हक्क सांगतेय. वर त्या शब्दाचं एक एक अक्षर सुटं करून म्हणण्याची भर तिचीच, ओटिसच्या गाण्यात ते नाहीच, आणि मागे कोरसला तिच्या सख्ख्या बहिणी. एक बाई मागतेय असं वाटतच नाही, घरातल्या सगळ्या जणी दारात उभ्या आहेत असं वाटतं.

रात्रपाळी:
मी जरा वेगळं बोलते. मला बाईने पुरुषाचं गाणं घेतलं की मजा येते आणि पुरुषाने बाईचं घेतलं की बऱ्याचदा डोकं फिरतं, आणि त्याचं कारण गायक नाही, ऐकणारे.

बाईचं नाचायचं गाणं असतं, खणखणीत बीट असतो. मग एखादा पुरुष ते घेतो, बीट काढतो, वेग निम्मा करतो, अकूस्टिक गिटार, घोगरा आवाज, आणि खाली प्रतिक्रियांची रांग लागते की अरे या गाण्यात एवढं दुःख होतं हे आत्ता कळलं. आत्ता?? ती बाई तेच शब्द म्हणत होती ना इतकी वर्षं. टेलर स्विफ्टचा '१९८९' २०१४ चा, आणि रायन ॲडम्सने २०१५ मध्ये तो अख्खा अल्बम परत गायला. 'स्टाइल'मध्ये तिने जेम्स डीनसारखी नजर म्हटलंय ते काढून याने सॉनिक यूथ या बँडच्या 'डेड्रीम नेशन' अल्बमचं नाव घातलं, म्हणजे देखण्या पुरुषाकडे बघणं गेलं आणि चोखंदळ रेकॉर्ड कलेक्शन आलं. आणि 'पिचफोर्क' या संगीत समीक्षेच्या साइटने त्याच्या अल्बमचं परीक्षण तेव्हा छापलं, तिच्या मूळ अल्बमचं छापलं २०१९ मध्ये. यापुढे मी काय बोलू.

अर्धविराम:
@रात्रपाळी, बरंचसं पटलं पण सरसकट नको. रॉबिनचं 'डान्सिंग ऑन माय ओन', २०१०. ती क्लबमध्ये कोपऱ्यात उभी राहून त्याला दुसरीबरोबर बघतेय आणि तरी नाचतेय, तिथे बीट म्हणजेच तिचा कणा. कॅलम स्कॉटने तो बीट काढला, पियानोवर संथ केलं, म्हणजे तुमच्या हिशोबाने गुन्हेगार. पण त्याने 'मी ती मुलगी नाही जिला तू घरी नेतोयस' यातल्या मुलीचा मुलगा केला आणि 'तिचं चुंबन घेताना बघतोय' मधली 'ती' तशीच ठेवली. तो स्वतः गे आहे. आता गाणं असं झालं की मला आवडणारा मुलगा मुलीबरोबर आहे आणि माझा नंबर कधी लागणारच नाही. रॉबिनला निदान स्पर्धा तरी आहे, याला तीही नाही. एक शब्द बदलला, एक सोडला, आणि सोडलेल्याने जास्त काम केलं.

रात्रपाळी:
हे मान्य. मी ते गाणं दहा वेळा ऐकलं असेल आणि 'ती' तशीच आहे हे लक्षातच आलं नव्हतं, चक्क पुढे गेले. पण वेग निम्मा केला याबद्दल माफी नाही.

जुनी_कॅसेट:
परत आलो. ड्रमरच्या 'लोक हसतील' वर एक राहिलं होतं. १९२८ मध्ये पॉल व्हाइटमनच्या ऑर्केस्ट्राबरोबर बिंग क्रॉसबीने एक गाणं म्हटलंय, त्याचा मथितार्थ की माझ्या आसवांच्या मिठाच्या लायकीचा एकही पुरुष नाही. सरळ पुरुषाच्या तोंडी. त्या काळात गाण्याचा मालक म्हणजे छापणारा प्रकाशक, त्याने लिहिलंय तेच म्हणायचं. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बमवर त्यांचा ड्रमर रिंगो 'बॉईज' म्हणतो, ते शिरेल्सचं, म्हणजे मुलींचं गाणं. कडव्यात चुंबनाच्या ओळी मुलीकडे वळवल्या, पण कोरसमध्ये 'मुलं, मुलं' तसंच ठेवलं आणि रिंगो मजेत ओरडतोय.

लोकगीतांत तर पुरुष बायकांची गाणी बिनधास्त म्हणायचेच. 'हाउस ऑफ द रायझिंग सन' बघा. १९३७ मध्ये केंटकीत ॲलन लोमॅक्सने ते जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीकडून रेकॉर्ड केलं, त्यात 'रायझिंग सन' नावाच्या घरात वाया गेलेली ती मुलगी आहे. बॉब डिलनने १९६२ मध्ये म्हटलं तेव्हाही त्याने मुलगीच ठेवली. १९६४ मध्ये ॲनिमल्सनी तिचा मुलगा केला आणि त्या घराचाच अर्थ बदलला, मुलगी म्हणते तेव्हा आपल्याला कुंटणखाना दिसतो, मुलगा म्हणतो तेव्हा जुगाराचा अड्डा. घर तेच, पत्ता तोच. मुलगी तिथून सुटणं अवघड, मुलगा तिथे स्वतःच्या पायाने जातो.

आणि 'हाउंड डॉग' तर कळसच. मूळ बिग मामा थॉर्नटनचं, रेकॉर्डिंग १९५२ चं, दुसऱ्या वर्षी सात आठवडे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत एक नंबर. फुकट खाऊन पसरणाऱ्या पुरुषाला ती दाराबाहेर काढतेय, शेपूट हलव हवी तेवढी, मी काही आता खायला घालणार नाही. कुत्रा म्हणजे तो पुरुष. १९५६ मध्ये एल्विसच्या गाण्यात ससा न पकडणारा कुत्रा आहे, म्हणजे खराच कुत्रा. पुरुषाने पुरुषाला घराबाहेर काढलं तर काय गोष्ट होणार, म्हणून गोष्टच काढून टाकली. राहिला ठेका. ठेका जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही.

शेवटचा_बाक:
कुत्र्यावरून आठवलं नाही, असंच आठवलं: एक शब्द न बदलता सगळं बदलतं याचं टोकाचं उदाहरण गायिका टोरी एमोस. २००१ मध्ये 'स्ट्रेंज लिटल गर्ल्स' नावाचा अल्बम केला, बाराच्या बारा गाणी पुरुषांची. त्यात रॅपर एमिनेमचं ते गाणं आहे ज्यात बाप लहान मुलीला गाडीत बसवून तिच्याशी लाडालाडाने बोलत चाललाय आणि डिकीत तिच्या आईचं प्रेत आहे. एमोस तेच शब्द कुजबुजत म्हणते, डिकीतून, ती आई म्हणून. एमिनेमचं ऐकताना माझं लक्ष त्याच्या यमकांकडे असायचं, भारी जुळवलंय वगैरे. हिचं ऐकल्यावर कळलं की मी इतकी वर्षं त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून होते. रात्री एकटीने ऐकू नका.

फुलव्हॉल्यूम:
ऐकलं. रात्रीच ऐकलं. झोप गेली, आभारी आहे.

मीच आधी अर्थबिर्थ घरी बसून काढतात म्हणालो होतो, ते अर्धं मागे घेतो. जोन जेटचं 'आय लव्ह रॉक अँड रोल' मी हजार वेळा ऐकलंय, ते मूळ ॲरोज नावाच्या बँडचं, १९७५ चं, हे काल कळलं. तिथे पुरुष रेकॉर्ड मशीनजवळच्या मुलीला बघतो, वय असेल सतराच्या आसपास. जेटने मुलीचा मुलगा केला, सतरा तसंच ठेवलं. तिचं ऐकताना वाटायचं काय बिनधास्त बाई आहे, मूळचं ऐकताना पहिल्यांदा वाटलं अरे हिचं वय काय. सतरा दोन्हीकडे सतराच आहे! मला एकीकडे खटकलं आणि एकीकडे नाही, हा गाण्याचा दोष की माझा, माहीत नाही.

चारतारा:
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवून ठेवलीय. काल सरावाला ड्रमरला क्रिस्टल्स आणि बीच बॉईज लागोपाठ ऐकवले, तो म्हणाला दुसरं जास्त दमदार आहे. म्हटलं जाऊ दे.

पण मग गिटारवाल्याने 'जोलीन' तीनदा म्हटलं. एकदा बदललेलं, एकदा मूळ, एकदा मूळच पण आवाज न चढवता, जवळजवळ बोलल्यासारखं. तिसऱ्या वेळी ड्रमर वाजवायचं विसरला. नंतर म्हणाला मोजणी चुकली. आम्ही काही बोललो नाही, मूळ शब्द कायम, ड्रम दुसऱ्या कडव्यापासून.

आता नवीन भांडण. कार्यक्रमाची सुरुवात जोरदार हवी म्हणून 'हाउंड डॉग' घ्यायचं ठरलंय आणि ते मी म्हणायचंय, आणि चौघांनी एल्विसचे शब्द काढून माझ्या हातात ठेवले. ससा माझ्याच्याने होणार नाही. थॉर्नटनबाईंचं आहे ते संथ आहे, कीबोर्डवाला म्हणतो लोक नाचणार नाहीत. @जुनी_कॅसेट, तिचे शब्द आणि याचा वेग, असं जमेल का? उद्या सहाला सराव आहे, त्याआधी सांगा.